दुधाच्या गाडीवर हवामानाचे सेन्सर: रस्त्याची हवा मोजायची सुरुवात

महावेध प्रकल्पात महसूल मंडळाला एक स्वयंचलित हवामान केंद्र आहे. त्याचा पाऊस म्हणजे त्या केंद्रावर पडलेला पाऊस. मंडळातल्या गावांमधल्या रपट्यावर (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर) पाणी आलं का, दुपारी दोनला डांबर किती तापलंय, पहाटेची धुवारी, म्हणजे धुकं, नेमकी कोणत्या खोलगट भागात बसते, हे ते केंद्र सांगत नाही. ते त्याचं कामही नाही. पण त्याच रस्त्याने दुधाची गाडी रोज दोनदा जाते आणि मुक्कामी एसटी पहाटे निघते. त्या गाडीवर तीन-चार सेन्सर लावले की रस्त्याचं हवामान किलोमीटरगणिक हाती येऊ लागतं.

हे तंत्र थंड देशांत वाढलं. अमेरिकेत केंद्रीय महामार्ग प्रशासनाने मिनेसोटा, मिशिगन आणि नेवाडा या राज्यांच्या रस्तेखात्यांच्या गाड्यांवर असे सेन्सर लावून प्रयोग केले. त्यांची मुख्य चिंता रस्ता गोठेल का ही. आपल्याला बर्फाशी देणंघेणं नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, काळ्या मातीतले नाले तासाभरात चढतात, आणि डिसेंबर-जानेवारीत धुवारीत समोरचं दिसत नाही. म्हणून परदेशातली सामानाची यादी जशीच्या तशी उचलू नका. इथे कामाच्या गोष्टी पाच: हवेचं तापमान, आर्द्रता, रस्त्याचं तापमान, वायपरची हालचाल आणि चालकाच्या हाताशी एक बटण.

हवेचा दाब मोजू नका. जमिनीपासून नऊ-एक मीटर वर चढलं की दाब साधारण १ हेक्टोपास्कलने उतरतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणाऱ्या गाडीतला दाबाचा आलेख हवामान दाखवत नाही, घाट दाखवतो. शिवाय दाब, तापमान आणि आर्द्रता मोजणारा ‘बीएमई२८०’ म्हणून बाजारात विकत घेतलेली सेन्सरची पट्टी पुष्कळदा बीएमपी२८० निघते, आणि त्यात आर्द्रता मोजायची सोयच नसते.

गाडी निवडताना

पहिली गाडी दुधाची घ्या. रस्ता तोच, वेळ तीच, दिवसातून दोन फेऱ्या, सुटी नाही. हवामानाच्या नोंदीत फरक कळतो तो त्याच ठिकाणच्या, त्याच वेळेच्या आकड्यांत. एकाच रस्त्यावर महिनाभर फिरलेली एक पिकअप ही जिल्हाभर कुठेही भटकणाऱ्या पाच गाड्यांपेक्षा जास्त कामाची.

काळीपिवळी चालेल, पण ती सीट भरेपर्यंत उभी असते आणि उभ्या गाडीतली नोंद बाद होते. ट्रॅक्टर नको, त्याच्या गतीला सेन्सरवर वारा लागत नाही. मोटरसायकलवर सेन्सर हेडलाइटच्या पुढे लावता येतो, पण पहिल्या प्रयोगाला ती भानगड नको. एसटीसाठी विभाग नियंत्रकांची लेखी परवानगी लागेल, आणि तिथे वीज २४ व्होल्टची असते. प्रवासी गाडीत एआयएस १४० मानकाचा जीपीएस ट्रॅकर असेल तर त्याच्या वायरींना हातही लावू नका.

गाडी कोणतीही असो, पत्र्याला भोक पाडायचं नाही आणि मूळ वायर कापायची नाही. सेन्सर क्लॅम्पने बसवायचे आणि ते दहा मिनिटांत काढता आले पाहिजेत. बंपरपुढच्या लोखंडी गार्डला काही बांधू नका. असे क्रॅश गार्ड बेकायदा असल्याचं केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरातच राज्यांना कळवलं आहे. उद्या गार्ड उतरवला तर सेन्सरही जाईल.

सामान

मेंदू म्हणून ईएसपी३२ चा ३० पिनांचा बोर्ड. हवेसाठी एसएचटी३१, जो तापमान आणि आर्द्रता दोन्ही देतो. रस्त्यासाठी एमएलएक्स९०६१४ हा इन्फ्रारेड सेन्सर. जागा आणि वेळ कळायला निओ-६एम जीपीएस, नोंदी साठवायला मायक्रोएसडीची पट्टी आणि ८ ते ३२ जीबीचं, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेलं कार्ड. वायपरसाठी दाराच्या अलार्मला असतो तो मॅग्नेटिक स्विच. एक मोठं, बोटाला सहज लागेल असं पुश बटण. वीज उतरवायला एलएम२५९६ ची बक पट्टी, १ ॲम्पिअरचा फ्यूज, फ्यूज पेटीतून वीज काढायचा फ्यूज टॅप, एसएमबीजे२४ए हा व्होल्टेजचा झटका अडवणारा टीव्हीएस डायोड आणि १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर. सगळं मिळून तीन-साडेतीन हजारांच्या आसपास धरून चला. दर हलते असतात.

खोका इलेक्ट्रिकच्या दुकानातला, रबरी गॅस्केटवाला जंक्शन बॉक्स घ्या. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचा खोका करून घ्यायचा मोह टाळा. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून तापतो. झाकण वाकतं, फट पडते, धूळ आत जाते. ग्लू-गनचंही तेच: हिवाळ्यात घट्ट बसलेला ठिपका उन्हाळ्यात घसरतो. त्याऐवजी सिलिकॉन वापरा. पॉवर बँक किंवा लिथियम सेल केबिनमध्ये ठेवूच नका. तिथली उष्णता त्यांना सोसणारी नाही.

वीज

नवख्यांची पुष्कळ यंत्रं सेन्सरमुळे नाही, विजेमुळे बंद पडतात.

सोपा रस्ता म्हणजे लायटरच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर खोचणं. आठवडाभर चालतं. मग खड्ड्यात चार्जर सैल होतो, नाहीतर चालक तो काढून स्वतःचा मोबाइल लावतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून फ्यूज टॅप. फ्यूज पेटीतली अशी जागा शोधा जी चावी फिरवल्यावरच जिवंत होते. रेडिओची बहुधा तशी असते. कायम चालू लाइनवर यंत्र टाकलं तर ते १२ व्होल्टवर ताशी ०.१ ॲम्पिअर-तासाच्या आसपास खातं. एका रात्रीत बॅटरी बसणार नाही, पण गाडी चार दिवस लग्नाला उभी राहिली तर जवळपास १० ॲम्पिअर-तास गेले. बॅटरी जुनी असेल तर सकाळी धक्का मारावा लागेल, आणि तुमचं यंत्र त्याच दिवशी उतरेल.

क्रम असा: फ्यूज टॅप, १ ॲम्पिअर फ्यूज, त्यानंतर पॉझिटिव्ह आणि अर्थच्या मध्ये टीव्हीएस डायोड, मग बक पट्टी, तिच्या ५ व्होल्टच्या बाजूला कपॅसिटर. डायोडचा पट्टा पॉझिटिव्हकडे. बॅटरीचा लग सैल असताना अल्टरनेटर क्षणभर मोठा व्होल्टेज फेकतो. एसएमबीजे२४ए तो ३८.९ व्होल्टवर अडवतो आणि एलएम२५९६ ची सहनशक्ती ४० व्होल्ट आहे. जेमतेम, पण जमतं. २४ व्होल्टच्या बसमध्ये हे गणित बिघडतं: तिथे एसएमबीजे३३ए लागतो, तो ५३.३ व्होल्टवर अडवतो, म्हणून बक पट्टीही एलएम२५९६एचव्ही जातीची, ६० व्होल्टची घ्यावी लागते.

ईएसपी३२ जोडण्याआधी बक पट्टीवर मल्टिमीटर लावून बरोबर ५.० व्होल्ट करा. पट्टीवरच्या छोट्या निळ्या पेटीचा पितळी स्क्रू दहा-बारा फेरे फिरेपर्यंत काहीच हलत नाही असं वाटेल, फिरवत राहा. आकडा लागला की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, नाहीतर रस्ताच तो फिरवतो.

गाडी स्टार्ट होताना १२ व्होल्टचे आठ-नऊ होतात. त्या क्षणी कार्डावर लिहिणं चालू असेल तर फाइल बिघडते. उपाय दोन: चावी फिरल्यावर १५ सेकंद काहीच लिहायचं नाही, आणि प्रत्येक ओळीनंतर फाइल बंद करायची.

हवेचा सेन्सर

गाडी म्हणजे फिरता चुलाणा. बॉनेट तापलेलं, टप तापलेला, सायलेन्सर तर विचारूच नका. सेन्सरची जागा चुकली की यंत्र रस्त्याची हवा सोडून गाडीचीच हवा मोजत बसतं, आणि आकडे दिसायला इतके व्यवस्थित असतात की चूक महिनोन्महिने कळत नाही.

पिकअपला सगळ्यात बरी जागा डाव्या आरशाचा दांडा. जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर, अंगापासून बाहेर, समोरचा वारा थेट लागतो. टपावर लावू नका. दुपारी तिथला पत्रा हात ठेवू देत नाही. बंपरवर चिखल येतो आणि गाडी थांबली की रेडिएटरची गरम हवा तिथेच फिरते.

सेन्सरवर ऊन पडू नये आणि वारा मात्र लागावा, यासाठी थाळ्यांची छत्री करा. पांढऱ्या प्लास्टिकच्या १२ सेंटिमीटरच्या पाच बशा, तीन ६ मिलिमीटरचे आटेवाले गज, आणि दोन बशांमध्ये १५ मिलिमीटरचं अंतर राखायला वॉटर प्युरिफायरच्या नळीचे तुकडे. वरची बशी अख्खी. खालच्या चारांना मध्ये ४ सेंटिमीटरचं भोक. सेन्सर तिसऱ्या बशीच्या पातळीला, नळ्यांना आणि बशांना न टेकता लटकवा. बशा उपड्या बसवायच्या, म्हणजे पाणी बाहेर ओघळतं. पांढऱ्याच घ्या, फिक्या निळ्या किंवा दुधी चालतील असं वाटतं, पण चालत नाहीत.

वायर आत नेताना खोक्याच्या आधी खाली झोल द्या. पाणी त्या झोलाच्या टोकावरून गळतं. झोल नसेल तर तेच पाणी वायर धरून सरळ बोर्डापर्यंत जातं.

रस्त्याचा सेन्सर

इन्फ्रारेड सेन्सर समोरच्या वस्तूतून निघणारी उष्णता पाहतो. स्पर्श लागत नाही. तो पुढच्या बंपरच्या आतल्या कडेला, डाव्या चाकाच्या पुढे, जमिनीपासून ३५ ते ४० सेंटिमीटरवर, सरळ खाली तोंड करून लावा. चाकाच्या मागे नको, तिथे चिखल उडतो. इंजिनखाली तर मुळीच नको.

घेताना एक गोष्ट विचारा: दृष्टीचा कोन किती? स्वस्त, निळ्या पट्टीवरच्या सेन्सरचा कोन ९० अंशांचा असतो. ४० सेंटिमीटर उंचीवरून तो ८० सेंटिमीटर रुंदीचा गोल पाहतो. त्यात डांबर येतं, आणि कडेला बंपरची खालची कोर व चाकही डोकावू शकतं. ३५ अंशांचा मिळाला तर तोच गोल २५ सेंटिमीटरचा होतो. चिखलापासून वाचवायला पीव्हीसी पाइपचा तुकडा लावायची पद्धत आहे. पण ९० अंशांच्या सेन्सरला पाइपात खोल ढकललं तर तो पाइपचंच तापमान मोजतो. अशा वेळी सेन्सरचं तोंड पाइपाच्या तोंडाशी सपाट ठेवा. ३५ अंशांचा असेल तर एक सेंटिमीटर आत चालेल.

सेन्सर कारखान्यातून येतो तेव्हा समोरची वस्तू उष्णता पूर्णपणे सोडणारी आहे असं धरून चालतो. डांबराचा गुणांक ०.९५ च्या आसपास असतो. रस्ता ६० अंशांवर आणि गाडीचं पोट ४५ वर असेल तर यामुळे पाऊण अंशाची तूट येते. पहिल्या वर्षी तिच्याकडे दुर्लक्ष करा. सेन्सरच्या तोंडावरच्या चिखलाने होणारी चूक याच्या कितीतरी पट असते.

ती चूक ओळखायची खूण सोपी आहे. एमएलएक्स९०६१४ दोन आकडे देतो: समोरच्या वस्तूचा आणि स्वतःच्या अंगाचा. समजा मे महिन्यात, दुपारी अडीचला, ओळ अशी आली: हवा ४३.१, रस्ता ६१.४, सेन्सरचं अंग ४८.२. ही ओळ निरोगी आहे. आता दुसरी: हवा ४३.०, रस्ता ४८.९, अंग ४८.३. गाडी भर उन्हात ४० च्या गतीने डांबरावरून चालली आहे आणि रस्ता म्हणे सेन्सरच्या अंगाइतकाच गरम. म्हणजे सेन्सरच्या तोंडावर काळ्या मातीचा लेप बसलाय आणि सेन्सर त्या लेपालाच पाहतोय. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसा. वाळलेला चिखल नखाने खरवडू नका. आधी ओला होऊ द्या. कोरड्यात आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात रोज.

रस्त्याचं तापमान कशाला हवं, असं विचारलं जातंच. आपल्याकडच्या डांबरी रस्त्यांत व्हीजी-३० आणि व्हीजी-४० हे डांबर वापरतात. भारतीय मानकानुसार त्यांचा मृदुबिंदू (मऊ पडायचं तापमान) कमीत कमी ४७ आणि ५० अंश असावा लागतो. खडीत मिसळलेलं डांबर लगेच वाहत नाही, पण तापलेल्या रस्त्यावर जड ट्रक गेले की चाकोऱ्या पडतात. कुठला तुकडा किती तास ६० च्या वर राहतो हा आकडा रस्तेवाल्यांच्या कामाचा. पावसाची चाहूलही याच आकड्यातून लागते: तापलेल्या डांबरावर सर पडली की रस्त्याचं तापमान काही मिनिटांत दहा-पंधरा अंशांनी कोसळतं, हवेचं मात्र हळूहळू उतरतं.

वायपर आणि बटण

वायपरच्या मोटरची वायर टोचायची गरज नाही. लोखंडी वायपर-दांड्याच्या बुडाशी छोटा चुंबक चिकटवा आणि दांडा बंद अवस्थेत जिथे टेकतो तिथे काचेखालच्या पट्टीवर मॅग्नेटिक स्विच बसवा. वायपर थांबलेला असताना स्विच जुळलेला. प्रत्येक फेरीला एकदा सुटतो आणि जुळतो. मिनिटाला किती फेऱ्या तेवढं लिहा. काचेच्या नळीतला उघडा रीड स्विच घेऊ नका, खड्ड्यात तडकतो.

वायपर चालला म्हणजे पाऊस आलाच असं नाही. धूळ धुवायला चालक चार फेऱ्या मारतो. सलग दोन मिनिटं वायपर चालू आणि सोबत आर्द्रता वर किंवा रस्त्याचं तापमान खाली, तरच पाऊस समजा. उलटही होतं: भुरभुर पावसात पुष्कळ चालक वायपर लावतच नाहीत, आणि काही गाड्यांचा वायपर लावूनही हलत नाही. गाडी निवडतानाच तो पाहून घ्या.

बटण हा या यंत्रातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचा भाग. एकदा दाबलं: रस्त्यावर पाणी. दोनदा: धुवारी. एवढंच. पाण्याची खोली मोजायला बंपरखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर लावायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. ती सोडून द्या. उसळत्या पाण्यावर त्याचा आवाज नीट परतत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे मोजण्यासाठी गाडी पाण्यात घालावी लागते. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी ओढून नेऊ शकतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या. बटण दाबायचं ते अलीकडच्या काठावर, गाडी उभी करून. हे चालकाला पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगा. धुवारीसाठीही आधी गाडी कडेला. चालत्या गाडीत धुक्यात बटण शोधत बसणं बरं नव्हे. हवामान खात्याच्या मोजमापात १००० मीटरपेक्षा कमी दिसलं की धुकं, २०० पेक्षा कमी म्हणजे दाट. चालकाला मीटर सांगू नका. ‘पुढचे दोन विजेचे खांब दिसत नसतील तर दोनदा दाबा’ असं सांगा.

जोडणी

ईएसपी३२ मध्ये सेन्सरशी बोलायच्या, आय-स्क्वेअर-सीच्या दोन स्वतंत्र लाइनी आहेत, दोन्ही वापरा. एसएचटी३१ पिन २१ आणि २२ वर, एमएलएक्स९०६१४ पिन २५ आणि २६ वर. एक केबल तुटली तरी दुसरा सेन्सर चालू राहतो. जीपीएस १६ आणि १७ वर, ९६०० बॉडच्या वेगाने. कार्ड ५, १८, १९, २३ वर. वायपर २७, बटण ३३. पिन १२ रिकामी ठेवा. स्टार्ट होताना तिच्यावर व्होल्टेज असला तर बोर्ड उठतच नाही. दोन्ही सेन्सरना वीज ३.३ व्होल्टची. एमएलएक्स ५ व्होल्टच्या जातीचाही येतो, तेव्हा घेतानाच पाहा. कार्डच्या पट्टीवर स्वतःचा रेग्युलेटर असेल तर तिला ५ व्होल्ट द्या. ३.३ दिले तर कार्ड कधी सापडतं, कधी नाही, आणि माणूस दोन दिवस प्रोग्राममध्ये चूक शोधत राहतो.

बंपरपासून केबिनपर्यंत वायर दोन मीटरच्या वर जाऊ देऊ नका. नेटवर्कची कॅट-५ केबल वापरा. डेटाची एक तार आणि अर्थची एक तार अशी जोडी पिळलेली असली पाहिजे. लाइनीचा वेग ५० किलोहर्ट्झवर आणा. एमएलएक्स १०० च्या वर तसाही चालत नाही. तरीही मधूनच आकडे गोठत असतील तर ३.३ व्होल्टकडे ओढणारा रोध २.२ किलोओहमचा करून पाहा. टोचायच्या जंपर वायरी फक्त टेबलावरच्या चाचणीपुरत्या. गाडीत सगळं झिरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या पट्टीवर) झाळलेलं हवं.

प्रोग्राम एकदम अख्खा लिहू नका. आर्डुइनो आयडीईत आधी सेन्सरांचे पत्ते शोधणारा छोटा प्रोग्राम चालवा: एका लाइनीवर ४४ आणि दुसऱ्यावर ५ए हे पत्ते दिसले पाहिजेत. मग जीपीएस एकटा, उघड्या अंगणात. पहिल्यांदा त्याला उपग्रह सापडायला पाच-दहा मिनिटं लागू शकतात, पत्र्याखाली सापडणारही नाहीत. मग कार्ड एकटं. मग सगळे एकत्र.

ओळ दर १० सेकंदांनी. ४० च्या गतीला गाडी तेवढ्यात १११ मीटर जाते. आपल्या कामाला हे पुरेसं बारीक आहे. ओळीत वेळ, अक्षांश, रेखांश, गती, उपग्रहांची संख्या, हवा, आर्द्रता, रस्ता, सेन्सरचं अंग, वायपर आणि बटण. जीपीएसची वेळ जागतिक असते, तिच्यात ५ तास ३० मिनिटं मिळवा. पहाटेच्या फेरीत इथे तारीखही बदलते, ती सांभाळा. आठ तासांच्या २,८८० ओळी होतात. ८० अक्षरांची ओळ धरली तर दिवसाला पाव एमबीसुद्धा नाही. वर्षभराचं सगळं सगळ्यात लहान कार्डात मावतं. म्हणून सिमकार्ड आणि नेटवर्कच्या मागे पहिल्या दोन महिन्यांत लागू नका. दर रविवारी कार्ड काढा, कॉपी करा, परत लावा.

गाडीवर चढवण्याआधी घरात

स्टीलच्या डब्यात बर्फाचा बारीक चुरा घ्या, त्यात बर्फ भिजेल इतकंच पाणी. दहा मिनिटं ढवळा. ९० अंशांचा सेन्सर या पृष्ठभागावर दोन-तीन सेंटिमीटरवरून धरा. शून्याच्या एक अंश इकडेतिकडे आला पाहिजे. गरम बाजू तपासायला स्टीलच्या ताटाला मधोमध काळी इन्सुलेशन टेप लावा आणि ताटाखाली कोमट ते कढत पाणी ठेवा. टेपवरचा आकडा थर्मामीटरशी जुळेल, शेजारच्या चकचकीत स्टीलवरचा भलताच येईल. सेन्सर बिघडलेला नाही. चकचकीत धातू उष्णता सोडत नाही, तो छताची उष्णता परत फेकतो.

आर्द्रतेसाठी मीठ. झाकणाच्या डब्यात एका वाटीत मिठाचा ओला चिखल करा, पाणी वर तरंगायला नको. सेन्सर वाटीला न टेकता डब्यात ठेवून झाकण टेपने बंद करा. रात्रभरानंतर आकडा ७५ टक्क्यांवर थांबला पाहिजे. ७३ ते ७७ आला तर ठीक. ८५ आला तर सेन्सर परत करा.

पहिल्या आठवड्यात आकडे गाळणं

गती १५ च्या खाली असलेल्या हवेच्या सगळ्या नोंदी काढून टाका. गाडी सुरू झाल्यानंतरची पहिली दहा मिनिटंही काढा, उन्हात उभ्या गाडीची ऊब तेवढा वेळ टिकते. चारपेक्षा कमी उपग्रह असतील तर जागा भरवशाची नाही. एखाद्या ट्रकमागे बराच वेळ अडकलेली गाडी त्याचा धूर मोजते. गती कमी-जास्त होत असताना हवा दोन-तीन अंशांनी उड्या मारत असेल तर हेच कारण.

सगळ्यात चांगली परीक्षा जाता-येतानाची. एकाच तासात त्याच ठिकाणाहून गाडी दोनदा गेली आणि एका दिशेला हवा कायम दीड-दोन अंश जास्त येत असेल, तर छत्रीच्या बाजूने सेन्सरवर ऊन शिरतंय. बशा पाहा, एखादी सरकलेली असते.

उरलेल्या नोंदी तुकड्यांत बसवा. अक्षांश-रेखांश ०.००५ च्या पटीत गोल केले की साधारण अर्ध्या किलोमीटरचा चौकोन होतो. लिबरऑफिस कॅल्कमध्ये प्रत्येक चौकोनाचा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधला येतो तो) काढा. सरासरी नको, एक चिखलाळ ओळ सरासरीला ओढून नेते. महिन्याभरात दिसू लागेल की नाल्याकाठचा तुकडा पहाटे शेजारच्या माळापेक्षा थंड आणि ओलसर असतो. धुवारी तिथेच आधी बसते. ज्यांची तूर फुलावर आहे आणि ज्यांना धुवारीची धास्ती आहे त्यांना हा नकाशा दाखवा, त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

चालक आणि आकड्यांची वाट

यंत्रात जीपीएस आहे, म्हणजे गाडी कुठे थांबली, किती पळाली हे सगळं कार्डात आहे. चालकाला हे आधी सांगा, आणि मालकाला सांगा की या नोंदी चालकाला जाब विचारायला वापरता येणार नाहीत. हे कबूल नसेल तर दुसरी गाडी शोधा. पाळत वाटली की वायर ‘आपोआप’ निघते. नकाशा कुणाला देण्याआधी फेरीच्या दोन्ही टोकांचे ३०० मीटर कापा, घरं ओळखू येणार नाहीत.

रपट्यावरच्या पाण्याची खबर मात्र रविवारच्या कार्डाची वाट पाहू शकत नाही. बटण दाबल्यावर चालकाने सुरक्षित जागी थांबून गावच्या व्हॉट्सॲप गटावर आणि तहसीलच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवायचं. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. संदेशात तीन गोष्टी: कोणता रपटा, किती वाजता पाहिलं, पाणी चढतंय की उतरतंय. ‘रस्ता बंद’ असं लिहू नका. तो निर्णय प्रशासनाचा. पाणी उतरल्यावर परत एक संदेश टाका. तो टाकायचा राहिला तर पुढच्या वेळी पहिला संदेश कुणी वाचत नाही.

मृग लागण्याआधी एकदा सगळं खाली उतरवा: गॅस्केट बदला, बशा धुवा, बक पट्टीवर पुन्हा ५.० व्होल्ट पाहा, मिठाची परीक्षा पुन्हा घ्या. आर्द्रतेचा सेन्सर उन्हाळाभर धूळ खाल्ल्यावर चार-पाच टक्क्यांनी सरकलेला असू शकतो.